शेजारच्या वाडीतला वसंत

आमची मोगऱ्याची वाडी वसईत आहे, अर्धा एकरसुद्धा नाही. वसंत आला हे आम्हाला कोकिळेच्या आधी दादरच्या फूलबाजारातून कळतं. मोगऱ्याचा भाव पडला की समजायचं, वसंत आला.

हे थट्टेने म्हणत नाही. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग छाटणी करतात, आळी खणून शेणखत घालतात आणि पुन्हा पाणी सोडतात. झाड जागं होतं, नवी फूट येते, फुटीच्या टोकाला कळ्या धरतात. ज्याला हे वेळेत साधलं त्याची कळी माघाच्या अखेरीस बाजारात जाते. तेव्हा मोगरा थोडा आणि लग्नं पुष्कळ. फाल्गुन सरता सरता सगळ्याच वाड्या फुलतात. होळीआधी एका किलोला जे पैसे मिळतात, तेवढ्यासाठी चैत्रात आम्हाला तीन किलो कळ्या तोडाव्या लागतात. त्याही पहाटे, बॅटरीच्या उजेडात, उमलायच्या आत.

गीतेच्या 10व्या अध्यायात श्रीकृष्ण ऋतूंमध्ये आपण कुसुमाकर, म्हणजे वसंत, असल्याचं सांगतो. फुलं विकणाऱ्यालाही वसंत हवाच असतो, पण शक्यतो आपल्या कुंपणाच्या आत. शेजाऱ्याकडे तो जरा उशिरा यावा, असं मनातून वाटत असतं. या वाटण्याला पाप म्हणायचं का? हा प्रश्न मला 2016 साली पडला, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता.

त्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पैसे पहिल्या तोडीतून उभे करायचे होते. पौषात, छाटणी झाल्यावर ऐन पाणी सोडायच्या वेळी, शेजारच्या काकांची मोटर जळाली. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "चार रात्री तुझ्या पंपावरून पाइप घेऊ का रे? मोटर भरून येईपर्यंत." मी म्हणालो, "काका, आमचाच पंप पाणी उचलत नाहीये. बघतो."

पंप ठणठणीत होता. हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडातून आलं. काकांची मोटर पुढे लांबली आणि त्यांच्या वाडीला पाणी मिळायला तीन आठवडे गेले. त्यांच्या कळ्या आल्या त्या भाव पडल्यावर. आमची पहिली तोड चांगल्या भावाने गेली. बाबा आज काठीशिवाय चालतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी मोंतेन या फ्रेंच लेखकाचा एक छोटा निबंध वाचनात आला. त्याचे निबंध पहिल्यांदा 1580 साली प्रसिद्ध झाले. अथेन्समध्ये डेमाडीस नावाच्या माणसाने अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याला दोषी ठरवलं, कारण लोक मेल्याशिवाय त्याला नफा होणार नव्हता. मोंतेनला हा न्याय पटत नाही. तो म्हणतो की असं पाहिलं तर प्रत्येकाचाच नफा कुणाच्या तरी तोट्यातून येतो, शेतकऱ्याचासुद्धा धान्य महागल्यावरच.

वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे दोष धंद्याचा, माझा नाही. पण हा दिलासा टिकला नाही. सामान विकणारा कुणाला मारायला गेला नव्हता. मी मात्र हातात असलेलं पाणी दिलं नाही आणि वर खोटं बोललो. नफा होणं आणि तो घडवून आणण्यासाठी दुसऱ्याचं झाड तहानलेलं ठेवणं, यांत फरक आहे.

मग नुसती इच्छा निर्दोष का? काकांनी पाणी मागितलंच नसतं आणि मी त्यांच्या जळालेल्या मोटरवर मनातल्या मनात खूश झालो असतो, तर? कुणाचंच काही बिघडलं नसतं. तरीही तिला मी निर्दोष म्हणणार नाही. ते खोटं इतक्या सहज बाहेर आलं, कारण त्याच्यासाठी जागा वर्षानुवर्षं झाडून ठेवलेली होती. इच्छेची शिक्षा कुणी करू नये, पण तिच्यावर नजर ज्याची त्याने ठेवावी.

त्या चैत्रात आईच्या हळदीकुंकवाला काकूंनी टोपलीभर मोगरा पाठवला होता. भाव नसलेला, त्यांच्या वाडीतला. आईने त्याचे गजरे करून बायकांना वाटले. मी घरात थांबलो नाही.

गेल्या वर्षी काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पंप रात्री ऐकू यायचा रे."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं."

आता कुंपणाखालून एक पाइप कायमचा टाकला आहे. कुणाची मोटर बिघडली की विचारावं लागत नाही, कॉक फिरवायचा. स्वभाव मात्र त्याने बदललेला नाही. आजही पहाटे तोडायला गेलो की आधी पलीकडे बघतो, त्यांच्याकडे किती कळ्या आहेत ते. फक्त आता बघतोय हे मला कळतं, आणि मग मी आपल्या झाडाकडे वळतो.