गोळा आणि घाई

आम्ही मनमाडकर रेल्वेच्या गावचे. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा हाती पडल्याखेरीज ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे; एक गोळा बाहेर असता यंत्र दुसरा सोडीतच नसे. माणूस विसरणार, हे गृहीत धरूनच ते घडविले होते.

‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही, असे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नभोवाणीवरून सांगितले. तरी शिकलेली माणसेही खोट्या पोलिसाला भिऊन पैसे पाठवितात, आणि आपण त्यांना मूर्ख म्हणतो. पण भय आणि घाई एकत्र आली की विवेक थबकतो. ठकाला हे मानसशास्त्र पाठ असते. मग क्षणात पैसा पळविणारे यंत्र रचणाऱ्यांनीच ते का विसरावे? मोठी रक्कम थोडा वेळ अडविणारा गोळा त्यांनी का ठेवू नये? सावधगिरीचा उपदेश जरूर करावा. परंतु सारा भार भ्यालेल्या माणसावर टाकणे हा न्याय नव्हे.