आत्मरक्षण आणि कबुली

मार्कंड्याच्या जत्रेहून परतताना वैनगंगेकाठच्या एका गावी आमचा मुक्काम पडला होता. कीर्तन आटोपले, मंडळी पांगली, आणि एक वयस्क माळकरी आमच्याजवळ येऊन बसला. धानाच्या बांधावरून भाऊबंदांत मारामारी होऊन एक जीव गेला होता. त्या गुन्ह्यात त्याच्या पुतण्याला जन्मठेप झालेली. अपील नागपुरास पडून होते. "बुवा," तो म्हणाला, "पोरगा पयल्या कोर्टात म्हणला, मी तिथं नोतोच. आता नवा वकील म्हणते, जीव वाचवासाठी मारलं असं म्हणू. मंग तवा खोटं होतं का आता खोटं हाय? माळ घातलेल्या मानसानं का म्हणावं?"

त्या रात्री आम्हांस धड उत्तर देता आले नाही. पुढे विचार करीत राहिलो, तो येथे मांडतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी आततायी म्हणून एक वर्ग सांगितला आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन, शेत वा स्त्री हरण करणारा. असा चालून आला तर तो गुरू असो की ब्राह्मण, मारण्यास मागेपुढे पाहू नये, असे मनुस्मृती सांगते. परंतु गंमत पाहा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायीच म्हणतो, आणि तरीही म्हणतो की यांना मारून आम्हांस पापच लागेल. म्हणजे मारण्याची मुभा आहे हे त्याला ठाऊक होते. मुभा मिळाली तरी मन मोकळे होत नाही, हे त्याचे दुखणे होते. वाचकहो, कोर्टातून सुटलेल्या कितीतरी माणसांचे दुखणे हेच नसते काय?

आता कायद्याचे पाहू. भारतीय दंडविधानात कलम ९६ ते १०६ आत्मरक्षणाची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली. नंबर बदलले, गाभा तोच. जिवाचे वा जबर दुखापतीचे वाजवी भय असेल तर समोरच्याचा प्राण गेला तरी गुन्हा नाही. पण सरकारकडे धाव घेण्यास सवड होती तर हा हक्क नाही. आणि बचावापुरतेच बळ वापरले पाहिजे. मर्यादा ओलांडली, पण सद्भावनेने, आधी बेत न करता, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शत्रू पळू लागला आणि आपण मागे धावून कुऱ्हाड घातली, तर मात्र बचाव संपला. उरला तो सूड.

हे वाचायला सोपे वाटते. कटनीचा खटला पाहा, म्हणजे अवघडपणा कळेल. ५ मार्च १९५० रोजी कटनीत निर्वासित सिंधी आणि स्थानिक मुसलमान यांच्यांत दंगा उसळला. एका मुसलमान दुकानदाराच्या भावाचे शेजारचे दुकान जमावाने फोडले, लुटले. याच्या घरात बायकापोरे आसऱ्याला आलेली, आणि दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने बंदूक झाडली. एक माणूस मेला. त्या वेळी कटनी आणि आपला चांदा जिल्हा दोन्ही मध्यप्रदेशात, आणि हायकोर्ट नागपूरचे. हायकोर्टाने दोष कायम केला. कारण काय, तर जमाव अजून त्याच्या स्वतःच्या दुकानात शिरला नव्हता! अपील दिल्लीला गेले. तेथे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९५२ साली त्याला निर्दोष सोडले. हे न्यायमूर्ती स्वतः नागपूर हायकोर्टाचे माजी सरन्यायाधीश. त्यांच्या निकालाचा आशय असा की, दार फुटून आपली माणसे कापली जाईपर्यंत वाट पाहा असे कोणाला सांगता येणार नाही; आणि असल्या गोष्टी सोनाराच्या काट्यावर गुंजा-गुंजांनी तोलता येत नाहीत. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या भयाचे माप काढणाऱ्या आम्हां सर्वांना ही चपराकच आहे. कीर्तनकारांनाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोकांवर गोळीबार झाला, माणसे पडली, आणि खवळलेल्या जमावाने सरकारी अंमलदारांना ठार केले. फाशीच्या शिक्षा झाल्या. अखेर १९४५ साली सरकारने त्या जन्मठेपेत बदलल्या. चिमूरच्या त्यागापुढे आमचे मस्तक नमते. पण त्या हत्यांना आत्मरक्षण म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. त्याला क्रोध म्हणावे, देशप्रेम म्हणावे. नावे बदलू नयेत.

आता माळकऱ्याचा प्रश्न. 'मी तेथे नव्हतो' आणि 'मी जिवासाठी मारले' ही दोन विधाने एका तोंडात मावत नाहीत. कायदा येथे उदार आहे. आरोपीने आत्मरक्षणाचे नाव काढले नसले, तरी पुराव्यातून ते दिसत असेल तर कोर्टाने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकातच सांगून ठेवले आहे. त्याने ते निःसंशय सिद्धही करायला नको. संभव दाखविला तरी पुरे. आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही, तर तेही त्याच्या बाजूने पडते. खेड्यातला माणूस भिऊन, कोणाच्या तरी सल्ल्याने, पहिल्या दिवशी 'नाही' म्हणून बसतो. त्या एका शब्दापायी त्याचा न्याय बुडू नये, म्हणून ही वाट. तिचा लाभ घेण्यात आम्हांस अधर्म दिसत नाही.

पण माळ घातलेल्याचे तेवढ्यावर भागत नाही. आत्मरक्षण ही सबबच अशी की जिच्या पोटात कबुली आहे. 'मी मारले' हे आधी, 'जिवासाठी' हे नंतर. पहिला शब्द गिळून दुसऱ्याचे फळ कोर्ट देईल. स्वतःशी तसे जमणार नाही. शिवाय समोर कोण मेला? चुलतभाऊच ना? त्याच्या बायकोला आजवर एवढेच ऐकविले गेले की तुझ्या नवऱ्याला आमच्या पोराने हातही लावला नाही. तिचे काय?

आषाढीला पंढरपुरास तो माळकरी पुन्हा भेटला. हे सारे आम्ही त्याला सांगितले. बराच वेळ तो वाळवंटात काडीने रेघा ओढीत बसला. मग म्हणाला, "पोरानं मले तुरुंगात सांगतलं बुवा, खरं का झालं ते. पयला दांडा त्याच्यावर उठला होता, हे खरं हाय. दुसरा आमचा. तिसराबी आमचाच." तिसऱ्या दांड्याविषयी आम्ही काही विचारले नाही. गावी गेल्यावर आधी वकिलाकडे जावे की त्या बाईच्या दारी, एवढेच तो आम्हांस विचारीत होता. आम्ही म्हणालो, बाईच्या दारी.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही.