पेट्या, कुलपं आणि मेमरी कार्ड

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमत् दासबोध, दशक 19, समास 1, लेखनक्रियानिरूपण.

हा समास आपण बहुतेक जण भरभर वाचतो. अक्षर कसं काढावं, काना-मात्रा-वेलांटी कशी असावी, यात कसलं आलंय अध्यात्म, असं वाटतं. मलाही वाटायचं. आज मात्र तो वाचताना मला माझी एक चूक आठवते, आणि ती इथे सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

समर्थांच्या अकरा मारुतींची स्थानं सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत आहेत. त्यातल्या बाहे-बोरगावच्या मारुतीजवळ, कृष्णाकाठी, माझ्या आत्याचं घर. आषाढ लागायच्या आधी तिच्या ओसरीवर बायकांचं भजन झालं. मी माझा खिशात मावणारा रेकॉर्डर तुळशीजवळ ठेवला. भजन सव्वादोन तास चाललं. सगळ्यात शेवटी मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजींनी मारुतीवरच्या जात्यावरच्या ओव्या एकटीनं म्हटल्या. टाळ थांबले होते. नुसता आवाज.

दुसऱ्या दिवशी मला साताऱ्याकडे निघायचं होतं. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं, ते रेकॉर्ड करायचं होतं. कार्ड रिकामं हवं. रात्री झोपेच्या तंद्रीत मी फाइल लॅपटॉपवर घेतली आणि कार्ड फॉरमॅट केलं.

चांगल्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण एक जीबी जागा घेतं. माझ्या रेकॉर्डरमध्ये फाइल दोन जीबीची झाली की ती बंद होऊन आपोआप दुसरी सुरू होते. म्हणजे भजनाच्या फाइल दोन होत्या. मी मोठी घेतली. शेजारची छोटी पाहिलीच नाही. ओव्या त्या छोटीत होत्या.

फॉरमॅट केल्यावर आवाज लगेच पुसला जात नाही बरं का. आधी फक्त अनुक्रमणिका कोरी होते. त्यावर काही नवीन लिहिलं नसेल तर बऱ्याचदा परत मिळवता येतो. पण माझ्या कार्डावर दुसऱ्या दिवशी अख्खं रिंगण रेकॉर्ड झालं होतं.

मार्गशीर्षात आजी गेल्या. दहाव्यानंतर त्यांच्या लेकीचा फोन आला, "दादा, आईचं ते म्हटलेलं आहे ना तुमच्याकडे?" तेव्हा मी पहिल्यांदा फाइल शेवटापर्यंत ऐकली. ती टाळांच्या मध्येच तुटत होती.

त्या दिवशी माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, देह नश्वर, आवाज नश्वर, कशात काय अडकायचं! दासबोधाच्या तिसऱ्या दशकातलं मृत्युनिरूपण माझं चांगलं वाचलेलं होतं ना. आज कळतं की ते वैराग्य नव्हतं. तो माझ्या आळसाला घातलेला भगवा होता.

कारण ज्या ग्रंथात मृत्युनिरूपण आहे, त्याच ग्रंथात हा आजचा समासही आहे. सगळं जाणार आहे हे समर्थांइतकं कोणी ठासून सांगितलं असेल? तरी ते सांगतात की पानाभोवती मोकळी जागा सोडा, मजकूर मध्ये लिहा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही. पुस्तकं जपायला बासनं, मेणकापड, पेट्या, कुलपं यांचीसुद्धा आठवण करून देतात. कागद झडणार हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच समास सोडायला सांगितलाय!

मग नश्वराची एवढी काळजी आणि वैराग्य, दोन्ही एकत्र कसं? मला उत्तर एका साध्या मराठी शब्दात सापडतं : ठेव. माझं जे आहे ते सोडणं हे वैराग्य. दुसऱ्यानं विश्वासानं माझ्याकडे ठेवलेलं मी सोडून दिलं, तर तो निष्काळजीपणा. आजींचा आवाज माझा नव्हताच, मग त्याच्याबद्दल विरक्त व्हायचा अधिकार मला कुठून आला?

आणि आसक्तीची भीती वाटत असेल तर एक कसोटी आहे. आसक्ती एकच प्रत स्वतःजवळ कवटाळते. जतन करणारा प्रती वाटतो. कल्याणस्वामींनी दासबोध लिहून घेतला, शिष्यांनी नकला केल्या, त्या मठामठांत गेल्या. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. आपल्या हातात आज पोथी आहे ती या वाटण्यामुळे.

म्हणून आता माझा नेम असा. कार्ड त्याच रात्री पुसायचं नाही. कार्डावर किती फाइल होत्या आणि लॅपटॉपवर किती आल्या, ते मोजायचं. प्रत्येक फाइलचा शेवट कानानं ऐकायचा. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं होतं. एकाच कपाटातल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे खरं तर एकच प्रत. आणि एक प्रत, सर्वांत आधी, जिनं म्हटलं तिच्या घरी द्यायची. तीच मी दिली नव्हती. दिली असती तर फाइल कमी आहे हे आजींनीच पहिल्यांदा सांगितलं असतं.

आजींच्या लेकीला मी खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ओव्या येतात मला. आवाज येत नाही." उरलेले दोन तास मी तिला पाठवले. त्या भजनात सगळ्या बायकांमागून आईचा आवाज ओळखू येतो, असं तिनं नंतर कळवलं. त्यानं माझी चूक भरून निघत नाही.

आज रात्री जपाला बसण्याआधी पाच मिनिटं काढा. तुमच्या फोनमध्ये कुणाचा आवाज एकाच प्रतीत पडून आहे, ते बघा. त्याची एक प्रत त्यांच्या घरी पाठवा. आजच्या समासाचं पारायण तेवढ्यानंही होईल.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥