बोंडातला डार्विन

जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन खोटा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या एकाही पूर्वजाने सांगितलेलं नाही, सबब अभ्यासक्रम बदला, असं त्यांचं म्हणणं. त्याच हंगामात मराठवाडा-विदर्भातला कापूस गुलाबी बोंडअळीने खाल्ला होता. मंत्रिमहोदयांनी बीडच्या रस्त्याने गोदाकाठच्या शहागडपर्यंत येऊन वाटेत चार बोंडं फोडली असती, तर उत्क्रांती डोळ्यांनी दिसली असती.

बोंड बाहेरून धडच दिसतं. आत कापूस पिवळा पडून चिकटलेला, सरकी पोखरलेली आणि तिच्यात गुलाबी अळी. तिची पहिली खूण मात्र फुलात दिसते: अळीने पाकळ्या आतून गुंतवून टाकलेल्या, फूल उमलतच नाही. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात.

डार्विनला उत्क्रांतीचा धागा सापडला १८३८ साली, माल्थसच्या लोकसंख्येवरच्या निबंधात: जन्मतात फार, जगतात थोडे. (हे माल्थस कंपनी सरकारच्या हेलीबरी कॉलेजात, हिंदुस्थानात यायच्या साहेबांना अर्थशास्त्र शिकवत.) पुढे त्याच कोड्यामागे लागलेल्या निसर्गअभ्यासक वॉलेसलाही तापाने फणफणलेला असताना माल्थसच आठवला, आणि १ जुलै १८५८ रोजी दोघांचं लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं. कोण वाचणार हे परिस्थिती ठरवते, आणि वाचलेल्याचं वाण पुढे चालतं. सिद्धांत एवढाच.

आपल्याकडे ही परिस्थिती आपणच घडवली. २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली. तो आणणारी महिको जालन्याचीच. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या वाणाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडली, आणि पुढच्या काही वर्षांत दुसरंही निष्प्रभ झालं. पारावर म्हणतात, अळी औषधाला सरावली. पण सरावली कुणीच नाही. ज्यांना विष बाधलं त्या मेल्या. जन्मतःच न बाधणाऱ्या मोजक्या उरल्या, आणि त्यांना जोडीदारही तसलेच मिळाले.

तसे मिळू नयेत म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत शेताच्या कडेच्या तासांत पेरायला १२० ग्रॅम नॉन-बीटीचं पाकीट असे. कडेच्या त्या तासांमधले साधे पतंग वाचलेल्यांशी जुळले, की बहुतेक पिल्लं पुन्हा विषाने मरतात. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्यात असा आसरा आपसूक मिळतो. गुलाबीचं पोट जवळजवळ कापसावरच. पण दोन एकरवाल्याने अळीसाठी तासं का सोडावीत? ते बियाणंही अनेकदा हलकं निघे. पाकीट बांधावर फेकणाऱ्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात आसऱ्याचा नियम वर्षानुवर्षं पाळला गेला, नंतर वांझ पतंग सोडले गेले, आणि २०१८ मध्येच तिथला कापूस गुलाबी अळीपासून मुक्त जाहीर झाला. तिथे शेतं मोठी, शेतकरी थोडे, आणि कार्यक्रम सगळ्यांचा मिळून होता.

कृषी खातं दरवर्षी सांगतं, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, घेऊ नका. पाटाला पाणी असलं की फरदड राहतेच. आणखी दोन वेचण्यांत कृषी केंद्राची उधारी फिटते. पुढच्या खरिपातले पतंग याच शेतातून निघणार, हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं.