मृत्युदंड, जरब आणि साक्ष

आपले अकोले जिल्ह्याच्या एका टोकाला, तर कर्जत तालुक्यातील कोपर्डी दुसऱ्या टोकाला. १३ जुलै २०१६ रोजी तेथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. राज्यभर मूक मोर्चे निघाले. गुन्हेगारांना फाशी द्या, ही त्यांतील एक प्रमुख मागणी होती. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना मृत्युदंड सुनावला. आता जरब बसेल, असे पुष्कळांना वाटले.

जरब खरोखर बसते काय? किसासचा कायदा मानणाऱ्यांनी तरी हा प्रश्न टाळू नये. सूरह बकराच्या १७८ व १७९ या आयती हत्येच्या बदल्याचा नियम सांगतात आणि त्यात समाजाचे जीवन आहे असे बजावतात. म्हणून मृत्युदंड मुळातच अनैतिक आहे, हे मत आम्हांस मान्य नाही. जाणूनबुजून निरपराधाचा जीव घेणाऱ्याने स्वतःच्या जीविताचा हक्क गमावला, यात अन्याय कोणता? मात्र त्याच आयतीत क्षमेची व दियतची वाट खुली आहे, आणि तेथे मृताच्या वारसाला मारेकऱ्याचा भाऊ म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्या सूड उगवणाऱ्या टोळ्यांपुढे हा शब्द उच्चारला गेला, हे ध्यानी घ्यावे. फाशीसाठी घोषणा देणाऱ्या आपल्या तरुणांना आयतीचा पहिला भाग पाठ असतो, दुसरा क्वचितच.

आता जरबेकडे वळू. कोपर्डीचा निकाल लागला त्याच महिन्यात, काही दिवस आधी, अहमदनगरच्याच न्यायालयात खर्डा प्रकरणाचा निकाल लागला होता. २०१४ साली जामखेड तालुक्यात एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली होती. साक्षीदार उलटले आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले. कायद्यात मृत्युदंडाची तरतूद तेव्हाही होतीच; पण साक्षीच्या पिंजऱ्यात गाव गप्प राहिले, तर दोराची भीती कोणी का बाळगावी? जन्मठेपेहून मृत्युदंडाने अधिक जरब बसते असे सिद्ध होत नाही, असे विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात म्हटले आहे. गुन्हेगार शिक्षा किती कठोर हे मोजत नाही, आपण सापडू की नाही एवढेच तो मोजतो. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरते, असे कुरआन सांगतो. मोर्चात चालणे सोपे. ओळखीच्या, बलवान शेजाऱ्याविरुद्ध न्यायालयात उभे राहणे ही खरी कसोटी.

आणि साक्षच सदोष असेल तर? संशय असेल तेथे शिक्षा टाळावी, क्षमेत चुकणे हे शिक्षेत चुकण्यापेक्षा बरे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आली आहे. महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून व बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी ठोठावली. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी वेगळीच माणसे ओळखली होती, तो धागा तपासात सोडून देण्यात आला. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकास ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश राज्य शासनास दिला. आधीचा निकाल तत्परतेने अमलात आला असता, तर ती रक्कम घेण्यास त्यांच्यापैकी कोणीही उरला नसता.