अक्षहृदय आणि परहृदय

पोळा फुटून बैल घरोघर परतले, की आमच्या वऱ्हाडात सायंकाळी कित्येक ओसऱ्यांवर पत्त्यांचे फड बसतात. ही रीत चांगली की वाईट, याचा निवाडा आज आम्हांस करावयाचा नाही. त्या फडात बसणारा मनुष्य समोरच्याच्या हातातील पाने ओळखण्याचा जो यत्न करितो, त्याचे नैतिक स्वरूप काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. दुसऱ्याने झाकलेली गोष्ट त्याच्या हालचालींवरून ताडावी आणि तिचा उपयोग त्याच्याच विरुद्ध करावा, हे बुद्धिकौशल्य म्हणावे की अपहार?

प्रथम ही विद्या कशी चालते ते पाहू. तीनपत्तीत बावन्न पानांतून तीन पानांचे एकंदर २२,१०० हात संभवतात. त्यांपैकी १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे शेकडा सुमारे ७४ वेळा मनुष्याच्या हाती नाव घेण्याजोगे काहीच येत नाही. सात जण बसले असता इतर सहाही जण असे रिक्तहस्त असण्याचा संभव शेकडा सुमारे १७ असतो. तिघेच बसले तर इतर दोघे रिक्तहस्त असण्याचा संभव शेकडा ५५ पर्यंत चढतो. यावरून एक गोष्ट सहज निष्पन्न होते. फड जितका लहान, तितकी हूल देणे किफायतीचे. आणि म्हणूनच मोठ्या चालीवरून मोठ्या पानांचे अनुमान करणे तितके धोक्याचे. मोठ्या फडात जी चाल साक्ष ठरते, ती लहान फडात केवळ अफवा असते.

पाश्चात्त्यांच्या पोकर या खेळातही हाच न्याय लागू आहे. त्याच्या अमर्याद प्रकारात खेळाडू आपल्यापुढील सर्व रक्कम एका चालीत लावू शकतो. तेथील जाणते खेळाडू प्रतिपक्षाचा एकच हात कल्पून बसत नाहीत. त्याच्याजवळ असू शकतील अशा सर्व हातांचा संच ते मनात धरितात, आणि ‘अमुक हात असता तर त्याने ही चाल केली असती काय?’ असे प्रत्येक चालीगणिक विचारून तो संच आखडीत आणितात. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या उपपत्तीचा पाया घातला, व पुढे १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात हूल हा खेळाडूचा दुर्गुण नसून शहाण्या खेळाचे आवश्यक अंग आहे, असे दाखविले. जो कधीच हूल देत नाही, त्याची प्रत्येक मोठी चाल त्याची पाने उघडी करिते. २०१९ साली तर एका संगणकाने सहा जणांच्या अमर्याद पोकरात नाणावलेल्या खेळाडूंस मागे टाकले. त्यास प्रतिपक्षाचा चेहरा दिसत नव्हता.

तेव्हा खेळातील हूल असत्यभाषण नव्हे, आणि ती ओळखणे हाही अपराध नव्हे; कारण दोघांनीही ती मुभा परस्परांस आधीच दिलेली असते. किंबहुना समोरच्याच्या चालीमागे काही हेतू असलाच पाहिजे असे मानणे, हा त्याच्या बुद्धीचा एक प्रकारे आदरच होय. येथवर आमचा युक्तिवाद निर्वेध चालतो. परंतु एका अनुभवाने आम्हांस येथेच थांबू दिले नाही.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा येथे एका आप्ताच्या ओसरीवर आम्ही अशाच फडात बसलो होतो. रात्र चढली तसे लोक उठून गेले व तिघेच उरलो. त्यांत एक तरुण कापूसवाला शेतकरी होता. चांगली पाने आली म्हणजे तो क्षणभर थांबून लहान चाल करी, हे आम्ही हेरून ठेविले होते. शेवटच्या डावात तिसऱ्या गृहस्थाने पाने टाकली. तरुणाने पाने पाहिली आणि थांबला नाही. एकामागून एक चढत्या चाली करीत गेला. खिशातले पैसे संपले तेव्हा त्याने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढिल्या. आमच्या हाती नव्व्यांची जोडी होती. याच्याजवळ काही नाही, असे आम्ही ठरविले व शो मागितला. राजा, सत्ता आणि चव्वा! डाव आमचा झाला, आणि आपल्या तर्कशक्तीचा आम्हांस अभिमानही वाटला.

तो निघून गेल्यावर यजमानांकडून कळले, की त्या घडीच्या नोटा बियाण्याच्या उधारीकरिता राखलेल्या होत्या. सकाळी आम्ही ती रक्कम त्याच्याकडे पाठविली. ती परत आली, आणि सोबत निरोप आला: ‘हारलो तं हारलो, काकाजी, वापस कायले देता?’

आमचे अनुमान खरे ठरले होते, परंतु त्याचे कारण आम्ही खोटे लाविले होते. तो निष्णात खेळाडूप्रमाणे हूल देत नव्हता. गेलेले परत मिळविण्यासाठी धडपडत होता. ती पिशवी आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. जिच्यावरून मनुष्याची गरज वाचावयाची, तिच्यावरून आम्ही केवळ पाने वाचली. फायद्यासाठी केलेल्या परीक्षणात आपणांस दुसऱ्याचा फायद्यापुरताच भाग दिसतो. उरलेला मनुष्य दिसूनही दिसत नाही. शेतकऱ्याची निकड ओळखून भाव पाडणारा व्यापारी किंवा साक्षीदाराची भीती ओळखून प्रश्न विचारणारा वकील, यांची गोष्ट याहून निराळी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीस कौशल्याचा खेळ ठरविताना तीन पानांच्या खेळास निव्वळ दैवाचा म्हटले. पानांपुरते ते ठीकच आहे. परंतु आमची चूक दैवाची नव्हती, कौशल्याची होती. कौशल्याने खेळ निर्दोष ठरतो, ही कायद्याची समजूत नीतीस पुरी पडत नाही. आमच्या मते मर्यादा अशी: प्रतिपक्षाची पाने ओळखण्याचा आपणांस अधिकार आहे, पण त्या ओघात त्याची विपत्ती ओळखू आली, तर खेळ त्या क्षणी संपला, आणि उठणे हे ओळखणाऱ्याचे कर्तव्य होय. ज्याने संमती दिली तो खेळाडू होता. विपन्न मनुष्याची संमती मोकळी नसते. दुसऱ्या दिवशी पैसे परत पाठविणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याने हरलेल्याचा मान तेवढा दुखावतो.

नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे दृष्टिक्षेपात मोजतो, आणि नलास अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवितो. बेहडा आमच्या जिल्ह्याच्या रानांतही आहे. त्या विद्येच्या बळावर नलाने पुष्करास जिंकले. परंतु त्याचा प्राण व त्याचा वाटा त्यास परत देऊन त्याने त्यास सन्मानाने घरी पाठविले, हा कथेचा शेवट आम्ही बहुधा विसरतो. पुष्कराने ते दान स्वीकारले, कारण तो भाऊ होता. आमचे दान परत आले. त्यानंतरचे पोळे आम्ही लोहाऱ्यास पाहिले आहेत. फडात मात्र बसलो नाही.