कर नाही, तरी धडधड

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण लहानपणापासून आपल्या तोंडी बसलेली आहे. तिच्यात एक गृहीत दडलेले आहे, ते आपण सहसा तपासून पाहत नाही. ज्याचे मन स्वच्छ त्याची छाती शांत, आणि ज्याची छाती धडधडते त्याच्या मनात काहीतरी आहे, असे ते गृहीत होय. ठोका म्हणजे जणू आत बसलेला साक्षीदारच! ‘वाघाचे काळीज’, ‘छाती होत नाही’, ‘काळजाचा ठोका चुकला’ असे म्हणताना धैर्य, भीती आणि अपराध या तिन्ही गोष्टी आपण एकाच अवयवाच्या हवाली करतो. बोलण्याची रीत म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु हीच रीत दुखणाईताला लावली म्हणजे अन्याय होऊ लागतो. ज्या गोष्टीवर माणसाची सत्ता चालत नाही तिच्यावरून त्याची पारख करावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम त्या अवयवाकडेच पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन केले. ठोक्याची सुरुवात तेथून होते. मेंदूकडून येणाऱ्या नसा ठोक्याचा वेग कमीजास्त करतात, पण तो सुरू करण्यास मेंदूचा हुकूम लागत नाही, मग आपल्या इच्छेची गोष्ट दूरच राहिली. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. दिवसाचे सुमारे एक लाख होतात. त्यांतील एकाचीही परवानगी ते आपल्याकडे मागत नाही.

आणि ‘चुकलेला’ ठोका बहुधा चुकलेला नसतोच. तो वेळेआधी आलेला असतो. हृदय पुरते भरण्यापूर्वीच तो पडल्याने जाणवत नाही. मग क्षणभर विसावा, आणि पुढचा ठोका भरलेल्या हृदयाचा म्हणून छातीत दणका बसतो. पुष्कळ निरोगी माणसांना असे होते. रात्री डाव्या कुशीवर निजले असता ते अधिक जाणवते, आणि रात्रीच मनुष्य आपल्या पापांचा हिशेब काढत असतो, हा योगायोग मात्र वाईट!

या प्रश्नाची कसोटी एकदा फार मोठ्या प्रमाणावर लागली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कित्येक शिपाई छातीत धडधड, धाप आणि थकवा यांची तक्रार घेऊन इस्पितळात येऊ लागले. लढाईतून सुटण्याचा बहाणा म्हणावा, तर ते फारच सोपे होते. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब मेंडिस डा कोस्टा यांनी तसे केले नाही. त्यांनी सुमारे ३०० शिपायांच्या नोंदी ठेवल्या आणि १८७१ साली त्यांवर निबंध छापला. पुष्कळांच्या हृदयात रचनेचा दोष सापडला नाही. पण मागे ताप, हगवण, लांबलांब कूच असा इतिहास सापडला. पहिल्या महायुद्धात हीच तक्रार पुन्हा आली आणि तिला ‘शिपायाचे हृदय’ असेही नाव होते. तिच्या कारणाविषयी डॉक्टरांत पुढे मतभेद झाले, कोणी भीतीवर अधिक भर दिला. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्याला भित्रा म्हणून हाकलणे सहज शक्य होते, त्याच्याजवळ बसून एका मनुष्याने त्याची नाडी मोजली.

न्यायालयांपुढेही हा साक्षीदार उभा करण्यात आला आहे. खोटे पकडण्याचे म्हणून जे यंत्र आहे ते नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेचा घाम एवढेच टिपते. परंतु निरपराध मनुष्यही चौकशीच्या खोलीत घाबरतो. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, संमतीवाचून अशी चाचणी कोणावर लादता येणार नाही. आरोपीला जी सवलत मिळाली ती घरातल्या सुनेला मिळते काय? तिच्या छातीत धडधडते म्हटले की कोणी म्हणते, ‘मनाचे खेळ आहेत.’ प्रार्थनासभेत कोणी कळवळ्याने सांगते, ‘ताई, विश्वास कमी पडतो.’ ईयोबाच्या मित्रांनीही दुखण्यावरूनच अपराध काढला होता, आणि शेवटी ठपका त्यांच्यावरच आला. इकडे त्या बाईच्या अंगात रक्त कमी असते, किंवा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी अधिक काम करत असते. दोन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात.

मग मनुष्य कशालाच जबाबदार नाही काय? आहे. चहाचे आठ कप, तंबाखू, मशेरी, दारू, जागरण ही त्याची स्वतःची कामे आहेत. भीतीने धडधड वाढते, धडधडीने भीती वाढते. अशा वेळी श्वास सावकाश सोडत राहणे काही अंशी त्याच्या हाती असते. पण ‘घाबरू नकोस’ अशी आज्ञा देऊन कोणाचे हृदय थांबल्याचे किंवा चालल्याचे आम्ही पाहिलेले नाही. दम्याची काही औषधेही धडधड वाढवतात. ती आपल्या मनाने बंद करणे मात्र घातक आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी. चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, श्रम करीत असतानाच धडधड उठली, पूर्वीचा हृदयविकार आहे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, तर तेथे धीराच्या गोष्टी सांगत बसू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. नाडी सतत वेडीवाकडी, कसलीच लय नसलेली लागत असेल तरीही दाखवावे. त्या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

आणि जवळच्या माणसाने काय करावे? सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पुरते एक मिनिट मोजावे. धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू, किती वेळ टिकली, त्या वेळी काय चालले होते, हे वहीत लिहावे. ठोक्यांची लय टेबलावर बोटाने वाजवून दाखवता आली तर डॉक्टरांना फार उपयोग होतो, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुधा ती थांबलेली असते आणि कार्डिओग्राम स्वच्छ निघतो. तो स्वच्छ निघाला म्हणून वाटेतच ‘बघ, काही नव्हतेच’ असे म्हणण्याची घाई करू नये. चोवीस तास अंगावर बांधून ठेवण्याचे होल्टर नावाचे नोंदयंत्र याच अडचणीसाठी आहे. ते लावावे काय, हे डॉक्टरांना विचारावे आणि वही सोबत न्यावी.